साळवे सरांचा नत्रयुक्त दुधी

"यंदा वेदीपुढं माझ्या अंगणातला दुधी असेल, आणि तो उचलायला दोन माणसं लागतील!"

याकोब साळवे सरांनी हे जून महिन्यातच जाहीर करून टाकलं. तेही भिंगारच्या चर्चच्या पंच कमिटीत, सगळ्यांसमोर, टेबलावर मूठ आपटून! त्या वेळी त्यांच्या अंगणात दुधी सोडाच, धड गवतही उगवत नव्हतं. पण सरांचं हे असंच असायचं. चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं की माणसाची एक समजूत होऊन बसते, की जगात दोनच प्रकारचे लोक आहेत. एक आपण, आणि बाकीचे ढ.

विषय होता सुगीच्या सणाचा. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मंडळीतले लोक पिकाचा पहिला वाटा चर्चमध्ये आणून वेदीपुढं ठेवतात. प्रार्थना होते आणि मग बाहेर मांडवात त्या सगळ्याचा लिलाव होतो. आजे-पणजे शेतात राबत होते तेव्हापासूनची ही चाल. आता नातवंडं लष्करी कॅम्पात क्लार्क आहेत, नर्स आहेत, शिक्षक आहेत; शेत फारसं कुणाकडं उरलेलं नाही. मग काय करतात? शनिवारी बाजारातून भाजी आणतात आणि रविवारी वेदीपुढं ठेवतात! सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. देवही आजवर काही बोललेला नाही. पण साळवे सर देवापेक्षा कडक.

"गेल्या वर्षी मेथीच्या बावीस जुड्या होत्या," सर म्हणाले, "आणि बाविसांना एकाच रंगाची सुतळी! आणि स्टेलाबाई, तुमचा तो लाल भोपळा. तुम्ही राहता तिसऱ्या मजल्यावर. भोपळा पिकला कुठं, जिन्यात?"

स्टेलाबाई महिला मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांच्याशी असं बोलायची हिंमत त्यांच्या सासूनंही कधी केली नव्हती.

"तुम्ही काय आणलं होतं हो, सर?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही! म्हणजे खोटंही काही आणलं नव्हतं."

मग सरांनी ठराव मांडला. यंदापासून जो तो फक्त स्वतः पिकवलेलं आणेल, आणि वेदीपुढं ठेवताना ते कुठं पिकलं हे सर्वांसमोर तोंडानं सांगेल. पाळकसाहेब मवाळ माणूस. भांडणापेक्षा नियम बरा, असं म्हणून त्यांनी ठराव मंजूर केला. सर घरी आले ते छाती काढून. मंडळी घरी गेली ती दात खात.

आता अंगणात दुधी पिकवायचा म्हणजे बी लावावं, शेणखत घालावं, पाणी द्यावं. पण हे झालं ढ लोकांचं! सरांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. हौदात मासे सोडायचे. मासे पाण्यात घाण करतात. त्या घाणीत नत्र असतं, आणि नत्र म्हणजे झाडांचा खुराक. ते पाणी रोज वेलाला घालायचं की झालं. खत नको, खर्च नको.

"हौद कुठला?" मरियमबाईंनी विचारलं. या सरांच्या पत्नी. तीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळं हट्टी पेशंट त्यांना नवा नव्हता.

"आहे की आपला अंगणातला. पाच हजार लिटरचा."

"अहो, तो वापरायच्या पाण्याचा आहे! नळाला पाणी एक दिवसाआड येतं. मी भरू कशात?"

"बादल्यांत भर. पूर्वी लोक भरत नव्हते?"

"पूर्वी लोक बायकोला विचारतही नव्हते, ते तुम्ही अजून पाळताय," मरियमबाई म्हणाल्या. पण तोवर सर स्कूटरवर टांग टाकून गेलेसुद्धा होते. संध्याकाळी ते मुळा धरणाकडच्या एका मासेवाल्याकडून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत दीडशे चिलापीची पिल्लं घेऊन आले आणि हौदात सोडली.

"मोठे झाले की खायला होतील," मरियमबाई वाकून बघत म्हणाल्या.

"खायला? मरियम, हे मासे नाहीत. ही घाण तयार करणारी यंत्रं आहेत! माशांशी आपल्याला काय करायचंय?"

यंत्रांना दिवसातून चार वेळा पेंड आणि कोंडा घालायचा, असं सरांनी ठरवलं. जास्त खातील तर जास्त घाण करतील! आठवडाभर त्यांनी स्वतः घातलं. मग ते काम आपोआप मरियमबाईंकडं गेलं. शोध लावणारा वेगळा आणि झाडलोट करणारा वेगळा, ही त्या घरातली जुनी कामवाटणी होती.

महिनाभरात पाणी हिरवं झालं. दीड महिन्यात ते दाट झालं. मग त्याला वास सुटला, आणि वासाला काही कंपाउंड वॉल अडवत नाही.

शेजारी राहायचे सहादेव भोर. कॅम्पात सिव्हिलियन पंप ऑपरेटर म्हणून रिटायर झालेला माणूस, पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. ते भिंतीवरून डोकावले.

"आवो सर, काय मेलंय का तुमच्यात?"

"मेलं नाही, जगतंय! नत्र तयार होतंय, सहादेवराव. नत्र!"

"मंग त्ये नत्र जरा झाकून ठिवा की. आमचं जेवन बंद झालं."

सरांनी त्यांना उन्हात उभं करून नत्राचं चक्र समजावलं. फळा नव्हता म्हणून भिंतीवर खडूनं काढून दाखवलं. अर्धा तास झाला. सहादेवांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन वास कधी जायाचा?" सरांनी खडू टाकून दिला. अशा माणसापुढं काय बोलणार!

बादल्यांनी पाणी घालून सरांची कंबर धरली, म्हणून त्यांनी अर्धा एचपीची मोटर आणली. पाईप जोडताना सहादेव भिंतीवरून बघत होते. उभी हयात पंपावर गेलेली, राहवेना.

"सर, जाइंटाला क्लिप लावा. न्हाईतर निसटंल."

"सहादेवराव, मी दाबाचा धडा चौतीस वर्षं शिकवलाय!"

"व्हय, पन पाइपाला कुठं शिकिवलाय?"

सरांनी बटण दाबलं. पाईप फुगला, थरथरला आणि निसटला! मोकळा झालेला तो पाईप अंगणभर नागासारखा नाचला, भिंतीवर चढला आणि सहादेवांच्या दोरीवर वाळत असलेल्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर पाच मिनिटं हिरवं पाणी ओतत राहिला. सर बटण शोधत होते. बटण त्यांच्याच हातात होतं. शेवटी सहादेवांनीच भिंत ओलांडून वायर उपटली. त्यांच्या डोक्यावरची टोपी हिरवी झाली होती आणि टोपीच्या घडीत एक चिलापी तडफडत होती.

मरियमबाई धावत आल्या. "भाऊ, लागलं नाही ना? आणि तेवढी चिलापी बादलीत टाका बाई, मरेल ती!"

"ही कापडं आता धुयाची कुनी?" सहादेव ओरडले.

"धुऊ नका!" सर कळवळून म्हणाले. "नत्र वाया जाईल. ते पाणी तुमच्या झाडांना—"

"मी झाड हाय का?"

त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं. पण वेल? वेल मात्र पिसाळला! अशी वाढ भिंगारात कुणी पाहिली नव्हती. पानं सुपाएवढी. आठवड्याभरात मांडव भरला, पुढच्या आठवड्यात भिंत ओलांडली आणि मग तो सहादेवांच्या अंगणात उतरून त्यांच्या डिशच्या छत्रीवर चढला. टीव्ही बंद पडला. फुलं तर शेकड्यांनी! सर येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावरून हाक मारून आत बोलवायचे आणि फुलं दाखवायचे. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. दुधी मात्र एकही नाही.

शेवटी सहादेवांची सून अश्विनी भिंतीशी आली. राहुरीला कृषी विद्यापीठात शिकलेली, त्याआधी सरांचीच विद्यार्थिनी.

"सर, नत्र फार झालंय. म्हणून नुसता पाला येतोय. आणि ही फुलं बघितलीत का? सगळी नर आहेत. फळ धरायला मादी फूल लागतं. पाणी थोडे दिवस बंद करा."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "तुला दहावीला विज्ञानात किती होते गं?"

"बावन्न, सर."

"मग!" सर म्हणाले आणि मोटर सुरू केली. या वेळी क्लिप लावून.

पण घरात जाऊन त्यांनी पुस्तक उघडलं आणि दुसऱ्या दिवसापासून काही न बोलता पाणी निम्मं केलं. विचारलं असतं तर त्यांनी हे नाकबूल केलं असतं. ऑक्टोबरच्या शेवटी एक मादी फूल आलं. एकच! सरांनी कंपासपेटीतला बारीक ब्रश काढला, स्टुलावर चढले आणि नर फुलातले परागकण श्वास रोखून त्या फुलावर टेकवले. पाच दिवसांनी फुलामागं बोटभर दुधी दिसला. सर स्टुलावर उभे राहून रडले म्हणतात. खरं-खोटं मरियमबाईंना माहीत.

अडचण इतकीच, की तो दुधी लोंबत होता भिंतीपलीकडं, सहादेवांच्या हद्दीत.

सर रोज सकाळी स्टुलावर चढून, भिंतीवर पोट टाकून, फूटपट्टीनं दुधी मोजायचे. देठाला भार नको म्हणून त्यांनी आपला लोकरी मफलर झोळीसारखा बांधला होता. सहादेव खाली ओट्यावर चहा पीत बसलेले असायचे. बोलणं बंद, त्यामुळं ते बायकोकडं बघून मोठ्यानं म्हणायचे, "आपल्या अंगनातला दुधी बरा धरलाय, न्हाई का?" आणि वरून सर आभाळाकडं बघून म्हणायचे, "ज्याचं मूळ, त्याचं फळ!"

सुगीचा सण दहा दिवसांवर आला. दुधी जेमतेम वीतभर. दोन माणसांनी उचलायचा म्हणून जाहीर झालेला दुधी मरियमबाईंच्या करंगळीनं उचलला गेला असता! सरांची झोप उडाली. कमिटीतल्या लोकांचे चेहरे त्यांना डोळ्यांपुढं दिसू लागले, त्यातही स्टेलाबाईंचा फार जवळून. आता फळ तर धरलं आहे, मग खुराकाला कशाला अडवायचं? सरांनी ठरवलं, पाणी दुप्पट. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं.

इकडं हौदातल्या चिलापी पंधरा दिवसांपासून आजारी होत्या. वर येऊन तोंडं उघडायच्या, अंगावर पांढरे डाग. मरियमबाई काळजीत.

"अहो, मासे मरायला लागलेत."

"मरू देत. घाण शिल्लक आहे ना!"

"मी त्या पाण्यात—"

"मरियम, हा शास्त्राचा विषय आहे. तू स्वयंपाकघरातलं बघ."

मरियमबाई पदर खोचत म्हणाल्या, "बरं. स्वयंपाकघरातलं बघते."

चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. पाचव्या दिवशी सगळा वेल उकडल्यासारखा लोळागोळा झाला. सहाव्या दिवशी त्या सुपाएवढ्या पानांचा कुरकुरीत पापड झाला आणि मफलरच्या झोळीत दुधी सुरकुतून, वाकडा होऊन, वाळक्या कारल्यासारखा पडून राहिला.

सर वाळकं पान हातात घेऊन रस्त्यावर आले.

"सहादेव! विष घातलंस तू माझ्या वेलाला! टोपीचा सूड घेतलास!"

सहादेव दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला फेस घेऊन बाहेर आले. "आरं तिच्या! मी कशाला घालू? माझ्याच हद्दीत हुता की दुधी!"

"म्हणजे कबूल केलंस!"

"काय कबूल केलं?"

"ते कोर्टात कळेल!"

सरांनी घरात बसून चार पानी तक्रार लिहिली. आकृती एक, वेलाची मूळ स्थिती. आकृती दोन, वेलाची सध्याची स्थिती. बाणांनी भाग दाखवलेले. ती घेऊन ते चौकीत गेले आणि खून झालाय म्हणून ओरडले. तिथं होते बजरंग हवालदार. त्यांनी वही उघडली.

"सर, मयताचं नाव सांगा."

"दुधी."

"पूर्न नाव?"

"दुधी! एवढंच."

"वय?"

"तीन आठवडे."

हवालदारांचा चेहरा गंभीर झाला. "आरारा. बारकं लेकरू. मारनारा कोन?"

"शेजारी. सहादेव भोर. विष घालून!"

"आनि आई कुठंय लेकराची?"

"आई म्हणजे... वेल? तो पण मेला! ही बघा आकृती."

बजरंग हवालदारांनी आकृती पाहिली. मग सरांकडं पाहिलं. मग वहीतलं पान सावकाश फाडलं. "सर, खायाचा दुधी व्हय? तुमी आमच्या मेव्हन्याला शिकिवलंय, म्हनून काय बोलत न्हाई. आधी इष कोन्तं घातलं त्ये तपासून आना. मंग बगू."

आता तपासायचं कुणाकडून? मातीतलं कळणारं माणूस गल्लीत एकच, आणि तिला बावन्न मार्क! पण इलाज नव्हता. सर तिच्या दारात उभे राहिले आणि दुसरीकडं बघत म्हणाले, "अश्विनी, जरा येतेस का?"

अश्विनी आली. तिच्यामागं सहादेव आले, आणि सहादेवांमागं अर्धी गल्ली आली. फुकटचा तमाशा कोण सोडतो! अश्विनीनं वेलाच्या बुडाशी वाकून पाहिलं. मातीवर पांढरी साय धरली होती. तिनं चिमूटभर उचलून जिभेला लावली आणि थुंकली.

"सर, तुम्हीच चाखा. माझं सांगितलेलं तुम्हाला पटायचं नाही."

सरांनी चाखली. त्यांचे डोळे मोठे झाले. "मीठ! मिठानं मारला माझा वेल! सहादेव—"

"थांबा," अश्विनी म्हणाली. "आता हौदातलं चाखा."

सगळी गल्ली बघत होती. साळवे सरांनी त्या हिरव्या, दाट, नत्रयुक्त पाण्यात बोट बुडवलं आणि डोळे मिटून तोंडात घातलं. मागून कुणीतरी "शी!" म्हणालं. सरांनी डोळे उघडले.

"खारट आहे," ते हळूच म्हणाले.

"तुम्हीच शिकवलं होतं सर, परासरण. मातीत मीठ जास्त झालं की मुळांना पाणी घेता येत नाही, असलेलंही बाहेर जातं. परीक्षेत तोच प्रश्न मला चुकला होता. म्हणून तर बावन्न!"

"पण हौदात मीठ टाकलं कुणी?"

मरियमबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "मी."

"तू?"

"मासे आजारी होते. डाग पडले होते अंगावर. आजाऱ्याला आम्ही काय लावायचो? सलाइन. सलाइन म्हणजे तरी काय, मीठ आणि पाणीच. रोज थोडं थोडं करत खड्या मिठाची एक गोणी संपली. बघा जाऊन, कसे टुणटुणीत झालेत!"

हौदात चिलापी खरोखरच उड्या मारत होत्या.

"अगं पण मला सांगायचं नाही?" सरांचा आवाज चिरकला.

"सांगत होते. तुम्ही म्हणालात, स्वयंपाकघरातलं बघ. मीठ स्वयंपाकघरातलंच असतं."

सहादेवांच्या तोंडावरचा फेस एव्हाना वाळून गेला होता. त्यांनी नुसतं सरांकडं पाहिलं, सुनेला म्हणाले, "चल गं, दाढी ऱ्हायलीय," आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर सरांना परवडलं असतं.

शनिवार उजाडला. बोलू नये, पण साळवे सर बाजारात गेले! हेल्मेट घालून, काच खाली ओढून. भाजीच्या ओळीत मालनबाईंच्या पाटीपुढं चार झकास दुधी मांडले होते. तुकतुकीत, पोपटी, हातभर लांब. सरांनी एक उचलला. वजन बघितलं. बगलेत धरून बघितला.

"सलाम, सर!" शेजारून आवाज आला. स्टेलाबाई! "हेल्मेट घालून दुधी बघताय?"

"नाही... म्हणजे, तुलना करतोय," हेल्मेटातून आवाज आला. "बाजारातला माल किती निकृष्ट असतो, ते."

"काढा की मग तो बगलेतून."

"तुम्ही काय घेताय? उद्यासाठी?" सरांनी जाता जाता वार केला.

"कांदे. घरी खायला. उद्यासाठीचं आहे की आमच्या गॅलरीत," स्टेलाबाई गोड हसून म्हणाल्या.

रविवारी चर्च भरलं होतं. भक्ती झाली आणि एकेक जण पुढं यायला लागला. सर पहिल्या बाकावर बसून होते, मांडीवर पिशवी. स्टेलाबाईंनी मेथीची एक छोटी जुडी ठेवली. "रंगाच्या डब्यात पिकवली, तिसऱ्या मजल्यावर!" त्यांच्यामागं कुणी सात मिरच्या ठेवल्या, कुणी कढीपत्त्याची डहाळी. एका म्हाताऱ्यानं एकच लिंबू ठेवलं आणि म्हणाला, "माझ्या दारातलं." पाच महिने दात खाऊन सगळ्या मंडळीनं कुंड्यांत, डब्यांत, फुटक्या बादल्यांत काही ना काही पिकवलं होतं. साळवे सरांच्या नाकावर टिच्चून! बाजारातली एक जुडी नव्हती. सरांचा नियम सगळ्यांना लागू पडला होता, एक सर सोडून.

मग मरियमबाई उठल्या. दोघांनी धरलेलं मोठं पातेलं पुढं आलं. झाकण काढलं तर आत पंजाएवढ्या चिलापी, चकचकीत. "आमच्या हौदातल्या," मरियमबाई म्हणाल्या, "मी वाढवल्या." चर्चमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. चर्चमध्ये जेवढी चालते त्यापेक्षा जरा जास्तच!

शेवटी सर. त्यांनी पिशवीत हात घातला आणि ती सुरकुतलेली, वाकडी वस्तू वेदीपुढं ठेवली. पाळकसाहेब वाकून बघू लागले.

"हा... काय आहे, सर?"

"दुधी," सर म्हणाले. नियम त्यांचाच होता. बोलणं भाग होतं. "मूळ माझ्या अंगणात. फळ सहादेव भोरांच्या अंगणात. विष कुणी घातलं नव्हतं. मीच मारला."

कुणीही हसलं नाही. सर खाली मान घालून जागेवर येऊन बसले. एवढं खरं ते आयुष्यात एका दमात कधी बोलले नव्हते.

बाहेर लिलाव सुरू झाला. लिलावाला सगळं भिंगार येतं, कुणी कुठल्याही धर्माचा असो. मेथीला भाव चढला, लिंबाला चढला, चिलापींवर तर मारामारीच झाली! आणि मग पाळकसाहेबांनी दुधी उचलला. "बोला, साळवे सरांचा दुधी!"

लोक आपापल्या पिशव्या चाचपायला लागले.

"बोला, कुणी काहीही बोला!"

सरांनी डोळे मिटून घेतले. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

"एकशे एक!" मागून आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. पांढरी टोपी, हिरवट डागांची. सहादेव!

"एक वार, दोन वार, तीन वार!"

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी गर्दीतून वाट काढली आणि सहादेवांचे दोन्ही हात धरले. "सहादेवराव, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. तरी तुम्ही..."

"जाऊ द्या, सर," सहादेव म्हणाले. "मला पायजेच हुता."

पायजेच हुता! घरी जाईपर्यंत सरांची मान पुन्हा ताठ झाली. "बघ मरियम, अडाणी माणूस, पण कदर आहे त्याला! नत्राचा दुधी शेवटी नत्राचा. बी धरणार असेल त्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दूध आणायला बाहेर पडले आणि जागीच थिजले. सहादेवांच्या फाटकाच्या कमानीला, बरोबर मधोमध, काळ्या दोऱ्यात तो दुधी उलटा टांगला होता. वर लिंबू, खाली सात मिरच्या, मध्ये बिब्बा. लोक दाराला कोहळा बांधतात ना, दृष्ट लागू नये म्हणून? तसा!

सर मान खाली घालून पुढं गेले. मंगळवारी मान खाली घालून गेले. बुधवारी गेले, गुरुवारी गेले. शुक्रवारी मात्र त्यांच्यातला विज्ञानशिक्षक उसळला.

"सहादेवराव, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे! काढा तो दुधी! आणि बांधायचाच होता तर लोक कोहळा बांधतात!"

"कोहळा कुजतो, सर. ह्यो चांगला खारवलेलाय, दोन वर्सं काय हालत न्हाई," सहादेव ओट्यावरून शांतपणे म्हणाले.

"पण नजर-बिजर असलं काही नसतं! कुणाची लागणारे तुम्हाला नजर?"

"दुसऱ्या कुनाची न्हाई वो. ह्या भिंतीवर पोट टाकून आमच्या अंगनात बघनारं मानूस एकच." सहादेवांनी चहाचा घोट घेतला. "पन सर, खोटं कशाला बोलू? चार दिस झालं, तुमी मान वर करून हिकडं बघितलं न्हाई. लई गुन हाय तुमच्या दुधीला!"